'कधी रुजू होऊ शकता?' : मुलाखतीत तारीख कशी सांगायची

हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो. तोवर मुलाखत चांगली झालेली असते, उमेदवार सैल पडलेला असतो आणि 'बघू, महिनाभरात जमेल' असं काहीतरी बोलून जातो. समोरचा माणूस तो महिना लिहून घेतो. पुढे त्यावरूनच ऑफर लेटरमध्ये तारीख पडते, आणि नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतरही कामावर राहायची मुदत) ६० दिवसांचा आहे हे नंतर उघड झालं की दोन्हीकडे विनवण्या करत बसावं लागतं. हा प्रश्न आधी हिशेबाचा आहे, बोलण्याच्या कौशल्याचा नंतर. हिशेब घरी करून ठेवला असेल तर उत्तर दोन वाक्यांत संपतं.

आधी नेमणूकपत्र काढा

'आमच्याकडे एक महिना असतो' ही सहकाऱ्याकडून कळलेली माहिती चालणार नाही. नेमणूकपत्र उघडा. त्यानंतर बढती किंवा कायम केल्याचं पत्र आलं असेल तर तेही काढा. प्रोबेशनमध्ये १५ किंवा ३० दिवसांची असलेली नोटीस कायम झाल्यावर अनेकदा ६० किंवा ९० दिवसांची होते, आणि हे पगारवाढीच्या पत्रात कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं असू शकतं. आकडा वाचून पत्र मिटवलेलं असल्यामुळे ती ओळ नजरेतून सुटते.

पत्रात काय शोधायचं? पहिली गोष्ट म्हणजे नोटीस दिवसांत आहे की महिन्यांत. फरक किरकोळ वाटतो, पण तारीख हलते. ३१ जानेवारीला राजीनामा दिला आणि नोटीस एक महिन्याची असेल तर लीप वर्ष नसताना शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी येतो. नोटीस ३० दिवसांची असेल तर २ मार्च. कामाचे दिवस असं लिहिलेलं असेल तर फरक फार मोठा होतो: पाच दिवसांच्या आठवड्यात कामाचे ३० दिवस म्हणजे सलग सहा आठवडे, शिवाय मधल्या सुट्ट्या वेगळ्या.

दुसरी गोष्ट, मोजणी कधीपासून सुरू होते. राजीनामा दिल्याच्या दिवसापासून, दुसऱ्या दिवसापासून, की तो स्वीकारल्यापासून? काही करारांत नोटीस पूर्ण कॅलेंडर महिन्याची असते आणि ती पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासूनच धरतात. अशा ठिकाणी ३ जूनला राजीनामा दिलात तर 'एक महिना' म्हणजे पूर्ण जुलै. शेवटचा दिवस ३१ जुलै, म्हणजे प्रत्यक्षात ५८ दिवस. त्याऐवजी ३० मे रोजी दिला असता तर ३० जूनला मोकळे झाला असता.

तिसरं, रजा. शिल्लक रजा नोटीसमधून वजा करता येते का, आणि नोटीसच्या काळात रजा घेतली तर शेवटचा दिवस पुढे ढकलतात का, हे दोन्ही वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं वाचून ठेवा. चौथं, बायआउट: उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि तो निर्णय तुमचा की कंपनीच्या मर्जीचा? 'कंपनीच्या संमतीने' असे शब्द असतील तर मुलाखतीत त्याच्या भरवशावर तारीख सांगू नका. रक्कम मूळ पगारावर धरतात की एकूण पगारावर, हेही बघा; त्याने आकडा बराच बदलतो. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याचं कलम, ठरावीक तारखेपर्यंत नोकरीत असलं तरच मिळणारा बोनस, स्पर्धक कंपनीत काही काळ जायचं नाही अशी अट, हे सगळं याच कागदात असतं. बोनस तीन आठवड्यांवर आला असेल तर राजीनाम्याची तारीख त्याप्रमाणे ठरवण्यात गैर काही नाही, फक्त ते दिवस हिशेबात धरा.

मोजणी मुलाखतीपासून नाही, ऑफर लेटरपासून

सर्वाधिक घोळ इथे होतो. उमेदवार सांगतो, '१ ऑगस्टला येऊ शकेन.' ते उत्तर आज राजीनामा दिला तर खरं असतं. मग कंपनीच्या पुढच्या फेऱ्या, मंजुऱ्या, पगाराची बोलणी यांत तीन आठवडे जातात. ऑफर येते तेव्हा त्यात तारीख मात्र १ ऑगस्टच असते, कारण तुम्हीच सांगितली होती.

म्हणून पक्की तारीख न देता कालावधी द्या, आणि तो लेखी ऑफर हातात पडल्यापासून मोजा. मोजणी अशी: ऑफर वाचून, शंका विचारून, सही करायला दोन-तीन दिवस, मग राजीनामा आणि नोटीस, त्यावर मोकळे पाच ते सात दिवस. उदाहरणार्थ, ऑफर १० जूनला आली, राजीनामा १२ जूनला दिला, नोटीस ६० दिवसांची आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून. जूनचे १८, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ११ दिवस मिळून ६० होतात. शेवटचा दिवस ११ ऑगस्ट, आणि एक आठवडा सोडून रुजू होण्याची तारीख १८-१९ ऑगस्टच्या आसपास. म्हणजे ऑफरपासून साधारण दहा आठवडे. मुलाखतीत हाच आकडा सांगायचा: 'लेखी ऑफर मिळाल्यापासून दहा आठवड्यांत.'

मधला तो आठवडा चैनीसाठी नाही. जुन्या ठिकाणी हँडओव्हर (आपलं काम दुसऱ्याकडे सोपवणं) लांबतो, रिलीव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) एक-दोन दिवस उशिरा येतं, सामान हलवायचं असतं, नाहीतर नेमका त्याच वेळी ताप येतो. शुक्रवारी सुटून सोमवारी रुजू होणारी माणसं पहिला आठवडा जुन्या ऑफिसचे फोन घेत काढतात.

उत्तराचा साचा

तीन गोष्टी, याच क्रमाने: कारण, त्यावरून येणारा कालावधी, आणि त्यात किती वाव आहे.

'माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. लेखी ऑफर मिळाल्यापासून दहा आठवड्यांत रुजू होऊ शकेन. दोन आठवडे रजा शिल्लक आहे. ती नोटीसमध्ये धरली गेली तर त्याआधीही जमेल, पण त्याला सध्याच्या कंपनीची मंजुरी लागते.'

एवढं पुरे. घरची परिस्थिती, जुन्या साहेबांचा स्वभाव, तिथे किती कामं अडतील याचं वर्णन कोणी मागितलेलं नसतं. तिसरी गोष्ट मात्र गाळू नका. त्यामुळे तुम्ही अडून बसलेले वाटत नाही आणि खोटा शब्दही दिला जात नाही.

विचारणारा कोण आहे त्याप्रमाणे भर बदलतो. पहिल्या फोनवर रिक्रूटर विचारतो तेव्हा तो फक्त चाळणी लावत असतो; त्याच्याकडे 'नोटीस पिरियड' असा एक रकाना असतो आणि त्यात आकडा भरायचा असतो. तिथे करारातला खरा आकडा द्या, 'थोडा कमी होऊ शकतो' हे पुढे जोडा. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात एखादं ठरलेलं काम असतं, म्हणून त्याला उलट विचारायला हरकत नाही: 'एखाद्या ठरावीक तारखेच्या आत माणूस हवा आहे का?' या एका प्रश्नातून पुढच्या घासाघिशीची दिशा कळते. एचआरला शेवटच्या फेरीत जे सांगाल ते ऑफर लेटरमध्ये उतरेल असं धरूनच बोला. तिन्ही ठिकाणी आकडा एकच हवा. रिक्रूटरला ३० आणि एचआरला ६० सांगितलं तर ते लपत नाही, ती मंडळी एकमेकांशी बोलतात.

परिस्थिती वेगळी, उत्तर वेगळं

राजीनामा आधीच दिला असेल तर नोटीस पिरियड सांगायचाच नाही, शेवटची तारीख सांगायची. 'माझा शेवटचा दिवस २५ तारखेला आहे, पुढच्या सोमवारपासून येऊ शकेन.' मंजुरीचा मेल असेल तर तसं सांगा. लवकर येणारा उमेदवार कंपन्यांना हवा असतोच, ही तुमची जमेची बाजू आहे. मात्र यानंतर 'नोकरी हाती नसताना राजीनामा का दिला' हा प्रश्न ठरलेला, त्याचं उत्तर तयार ठेवा.

सध्या नोकरी नसेल तर 'उद्याच येतो' म्हणण्याचा मोह होतो. त्यात चूक नाही, पण पगाराची बोलणी बाकी असतील तर आपली घाई दाखवून हात बांधून घेऊ नका. 'मी सध्या मोकळा आहे. ऑफरची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर आठवडाभरात सुरुवात करू शकेन,' हे तितकंच तयारीचं आणि जास्त शांत वाटतं. स्वतःची छोटी कामं घेत असाल तर ती कधी संपतात तेवढं सांगा.

विद्यार्थ्यांनी शेवटच्या पेपरची तारीख सांगावी आणि निकाल व प्रमाणपत्र वेगळे धरावेत. काही कंपन्या निकालाआधी रुजू करून घेतात, काही घेत नाहीत. तेव्हा 'परीक्षा अमुक तारखेला संपते, अंतिम गुणपत्रक नंतर येईल, ते चालेल का?' असं तिथेच विचारून घ्यावं.

गाव बदलायचं असेल तर एक ते दोन आठवडे वाढवा, आणि ते कशासाठी हे एका वाक्यात सांगा. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सोडवायची नसेल तर 'आधी मी एकटा येईन, कुटुंब नंतर' असा तोडगा अनेकदा चालतो. पण घरी बोलणं झालं असेल तरच तो मांडा. परदेशात कामाचा परवाना लागत असेल तर तारीख तुमच्या हातात नसतेच. तेव्हा 'परवाना मिळाल्यापासून इतके आठवडे' असं बोला.

आधीच ठरलेलं लग्न, शस्त्रक्रिया किंवा तिकिटं काढलेला प्रवास कधी सांगायचा? पहिल्या फेरीत गरज नाही. ऑफर हातात येण्याच्या टप्प्यावर, सही करण्याआधी सांगा: 'रुजू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मला पाच दिवसांची रजा लागेल, ते आधीच ठरलेलं आहे.' तब्येतीचा तपशील देण्याची गरज नाही, दिवस सांगितले की पुरे. तोंडी होकार मिळाला तर मेलमध्ये लिहून मागा, कारण होकार देणारा माणूस तुम्ही रुजू होईपर्यंत दुसऱ्या विभागात गेलेला असू शकतो.

'जरा लवकर जमेल का?'

हा पुढचा प्रश्न येणारच. ताबडतोब 'हो' म्हणू नका आणि 'अजिबात नाही' असंही नको. आधी विचारा की घाई कशामुळे आहे. कारणं तीन-चारच असतात. जुना माणूस अमुक तारखेला जातोय आणि त्याच्याकडून काम समजून घ्यायचं आहे. नव्या प्रकल्पाची सुरुवात ठरली आहे. पद अमुक तारखेपर्यंत भरलं नाही तर मंजुरी रद्द होते. किंवा काहीच कारण नाही, सवयीने विचारलंय. शेवटचं कारण वाटतं त्याहून जास्त वेळा खरं निघतं. तिथे शांतपणे आपली तारीख पुन्हा सांगितली की विषय मिटतो.

खरंच घाई असेल तर तुमच्याकडे मोजकेच उपाय असतात. शिल्लक रजा वजा करून घेणं. हँडओव्हर लवकर संपवून वरिष्ठांकडून काही दिवस कमी करून घेणं. किंवा बायआउट. बायआउटचा अंदाज सोपा: महिन्याचा पगार भागिले ३०, गुणिले कमी पडणारे दिवस. २० दिवस कमी करायचे तर महिन्याच्या पगाराचा दोन तृतीयांश भाग जातो. ही रक्कम नवी कंपनी भरून देईल का, हे विचारण्यात संकोच नको. घाई त्यांची आहे. 'बायआउटची रक्कम कंपनी देणार असेल तर मी सध्याच्या ठिकाणी विनंती करून बघतो, त्यांनी मान्य केलं तर तीन आठवडे लवकर येऊ शकेन.' भरपाई कधी मिळणार, पहिल्या पगारात की सहा महिन्यांनी, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत मागणार का, हे लेखी घ्या.

एक गोष्ट मात्र देऊ करू नका: नोटीसच्या काळात संध्याकाळी नव्या कंपनीचं काम. सध्याच्या करारात त्याला बहुधा बंदी असते, आणि प्रकरण उघड झालं तर दोन्हीकडची नोकरी अडचणीत येते. ओळखीची अर्ध्या तासाची भेट किंवा सगळ्यांसाठी खुली असलेली माहिती वाचून ठेवणं इतपत ठीक.

'नोटीस न देताच आलात तर?' हा प्रश्न कधी गंभीर असतो, कधी पारख. दोन्हीला उत्तर एकच. 'सध्याच्या टीमला मध्येच सोडून येणं मला जमणार नाही. नियमात राहून जितकं लवकर येता येईल तितकं येईन.' आज त्यांच्यासाठी पळून आलेला माणूस उद्या त्यांच्याकडूनही पळेल, हे विचारणाऱ्याला कळतं. शिवाय व्यवहाराची बाजू आहेच: नोटीस न देता गेलात तर रिलीव्हिंग लेटर अडू शकतं, शेवटचा हिशेब अडू शकतो, आणि नवी कंपनी मागचं पडताळायला गेली की तिथून काय उत्तर येईल हे तुमच्या हातात राहत नाही.

दुसरी मुलाखत चालू असेल आणि तुम्ही वेळ काढत असाल तर रुजू होण्याची तारीख वाढवून तो वेळ मिळवू नका. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. उत्तर द्यायला मुदत हवी असेल तर मुदत मागा: 'ऑफरवर निर्णय कळवायला मला पाच दिवस मिळतील का?'

ऑफर आल्यावर

तोंडी होकारावर राजीनामा देऊ नका. 'तुम्ही द्या राजीनामा, पत्र येतंच आहे' हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असतं तरी पत्र मंजुरीत अडकू शकतं. पत्र आलं की चार गोष्टी तपासा: रुजू होण्याची तारीख, त्या तारखेला आला नाहीत तर ऑफर आपोआप रद्द होते का, ऑफर कोणत्या अटींवर आहे (मागची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं), आणि सही करायची शेवटची मुदत. पडताळणीची अट असेल आणि ती राजीनाम्याआधी पूर्ण होऊ शकत असेल तर तसं विचारा. तारीख बोलण्याप्रमाणे नसेल तर सही करण्याआधीच बदलून घ्या. नंतर तीच गोष्ट मेहरबानी ठरते.

पगाराच्या यादीची मुदत कोणत्या तारखेला बंद होते तेही विचारून ठेवा. महिन्याच्या २० तारखेला यादी बंद होत असेल आणि तुम्ही २३ ला रुजू झालात, तर त्या आठवड्याचा पगार पुढच्या महिन्यात जोडून येतो. जुन्या ठिकाणचा शेवटचा हिशेब लांबला की हातात काही न येता महिना-दीड महिना जातो, आणि हे आधी माहीत असलेलं बरं.

राजीनामा मेलने द्या, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख तुम्ही स्वतः मोजून लिहा आणि त्या तारखेला लेखी मंजुरी मागा. मंजुरी येईपर्यंत नव्या कंपनीला 'पक्कं' हा शब्द कळवू नका. सध्याची कंपनी राजीनामा मिळताच घरी पाठवेल आणि नोटीसचा पगार देत राहील, असंही काही ठिकाणी होतं. त्याला गार्डन लीव्ह म्हणतात. त्या काळात तुम्ही जुन्या कंपनीचेच नोकर असता. घरी बसलो म्हणून लगेच नवीकडे रुजू होता येत नाही.

इतकं करूनही तारीख हुकायची वेळ आली तर कळल्याच्या दिवशीच सांगा. आधी फोन, मग लगेच मेल. फोन न करता रुजू होण्याच्या आदल्या रात्री पाठवलेला मेल सगळ्यात वाईट. मजकूर असा चालेल:

'नमस्कार. माझी रुजू होण्याची तारीख १८ ऑगस्ट ठरली होती. सध्याच्या कंपनीने माझा शेवटचा दिवस ११ ऐवजी १९ ऑगस्ट केला आहे. त्यांचा मेल सोबत जोडला आहे. मी २५ ऑगस्टला रुजू होऊ शकेन. ही तारीख चालणार असल्यास कृपया सुधारित ऑफर लेटर पाठवावे. आधी लागणारी कागदपत्रे मी या आठवड्यातच जमा करतो.'

नवी तारीख एकदाच मागा आणि ती थोडी सैल ठेवून मागा. आठवडा वाढवून घेऊन पुन्हा तीन दिवस मागण्यापेक्षा पहिल्यांदाच दहा दिवस मागितलेले बरे. सुधारित पत्र येईपर्यंत जुनी तारीखच लागू आहे असं समजा, आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा फोन करा.